घर आधी कागदावर

'लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून' अशी एक जुनी म्हण मराठीत आहे. या दोन्ही गोष्टींत माणसाची आयुष्यभराची पुंजी खर्ची पडते, आणि दोन्हींत झालेली चूक सहसा दुरुस्त करता येत नाही, असा तिचा आशय आहे. घराच्या बाबतीत तर ही म्हण अधिकच खरी ठरते. नको असलेले कापड बदलून आणता येते; चुकीच्या जागी उभी राहिलेली भिंत मात्र पुढच्या पिढीलाही सोसावी लागते. म्हणून घर जमिनीवर उभे राहण्यापूर्वी ते कागदावर नीट उभे राहणे आवश्यक असते. हे काम वास्तुविशारद आणि घरात राहणारी माणसे यांनी मिळून करायचे असते. ते कसे केले जाते, हे प्रस्तुत पाठात आपण समजून घेणार आहोत.

त्यासाठी एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. छत्तीसगडची राजधानी रायपूर. तिच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिलतरा नावाचे गाव आहे. एकेकाळी भातशेतीचा असलेला हा परिसर आज पोलाद आणि स्पंज आयर्न यांच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. स्पंज आयर्न म्हणजे लोहखनिज न वितळवता, कोळशाच्या साहाय्याने त्यातील ऑक्सिजन काढून टाकून मिळवलेले लोह. रायपूर आणि मराठी माणूस यांचा संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रदेशावर होती. पुढे 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते व त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यामुळे अनेक मराठी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, तर काही नोकरीच्या निमित्ताने नंतर आली.

अशाच एका कुटुंबाची आपण कल्पना करू. वडील कारखान्यात पाळीने काम करतात. निवृत्तीला पाच-सहा वर्षे उरली आहेत. आई घर सांभाळते. आजी थकली आहे. तिचे गुडघे दुखतात. मुलगा शिकतो आहे. कंपनीच्या दोन खोल्यांत वीस वर्षे काढल्यावर त्यांनी तीस फूट रुंद आणि पन्नास फूट लांब असा एक भूखंड घेतला आहे. हाती आहे ती बचत, भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम आणि बँकेचे कर्ज. ही रक्कम एकदाच खर्च करता येणार आहे. तिच्यातून उभे राहणारे घर चुकले, तर दुसरे बांधणे या कुटुंबाला शक्य नाही.

वास्तुविशारद कोणाला म्हणावे?

पुष्कळदा लोक थेट ठेकेदाराकडे जातात. 'शेजाऱ्याचे झाले तसेच करून द्या,' असे सांगतात. ठेकेदार आणि गवंडी आपापल्या कामात निष्णात असतात, यात शंका नाही. तथापि, कोणती खोली कोठे असावी, उजेड कोठून यावा, वारा कोणत्या वाटेने फिरावा, पुढे घर कसे वाढवता येईल, या सर्व प्रश्नांचा एकत्रित विचार करणे हे वास्तुविशारदाचे काम होय. आपल्या देशात 1972 च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार या व्यवसायाचे नियमन होते. आवश्यक शिक्षण पूर्ण करून वास्तुकला परिषदेकडे नोंदणी केलेल्या व्यक्तीलाच 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येते. म्हणून कामाची बोलणी सुरू करण्यापूर्वी नोंदणी पाहून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

वास्तुविशारदाबरोबर आणखी एका तज्ज्ञाची गरज असते. खांब किती जाड असावेत, तुळईत लोखंडी सळ्या किती असाव्यात, जमिनीचा प्रकार पाहता पाया किती खोल घ्यावा, हे संरचना अभियंता ठरवतो. थोडक्यात, वास्तुविशारद घराची मांडणी करतो आणि संरचना अभियंता ती मांडणी भक्कमपणे उभी राहील याची हमी घेतो. ठेकेदार या दोघांच्या आराखड्यांनुसार बांधकाम करतो.

प्रश्नांतून उलगडणारे घर

आपल्या उदाहरणातील कुटुंब वास्तुविशारदाकडे जाते, तेव्हा वडील प्रथम म्हणतात, "आम्हाला चार खोल्या हव्यात." अनुभवी वास्तुविशारद एवढ्यावर पेन्सिल उचलत नाही. खोल्यांची संख्या ही गरज नसून गरजेचे एक उत्तर असते. खरी गरज शोधण्यासाठी प्रश्न विचारावे लागतात. घरात सर्वांत आधी कोण उठते? स्वयंपाक उभ्याने होतो की बसून? पाहुणे किती दिवस राहतात? पाणी केव्हा येते? वाहन कोठे उभे राहते? आजी रात्री किती वेळा उठतात?

या प्रश्नांतून जी उत्तरे निघतात, ती घरातील माणसांनाही कधी कधी नवी असतात. वडील आठवड्याआड रात्रपाळीला असतात. म्हणजे ज्या वेळी घर जागे असते, त्या वेळी त्यांना झोपायचे असते. कंपनीच्या घरात ही झोप कधी पुरी झाली नाही; पण ती खोलीच्या रचनेमुळे पुरी होत नाही, असे कोणाच्या मनात आले नव्हते. म्हणून त्यांची खोली रस्त्यापासून दूर, स्वयंपाकघराला न लागता आणि दुपारच्या उन्हापासून वाचलेली असावी, हे ठरते. कामावरून परतल्यावर अंगावर धूळ असते. तेव्हा मुख्य दारापाशीच हातपाय धुण्याची आणि कामाचे कपडे उतरवून ठेवण्याची सोय हवी. आजींना पायरी चढवत नाही. त्यांची खोली तळमजल्यावर आणि न्हाणीघराला लागून हवी. न्हाणीघराचे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे. आत कोणी पडल्यास आत उघडणारे दार ढकलून मदतीला जाता येत नाही.

या बोलण्यात आईने सुरुवातीस काहीच मागितले नव्हते. 'तुम्ही ठरवाल ते,' एवढेच ती म्हणाली होती. घराच्या बैठकीत पुष्कळदा असेच घडते. जी व्यक्ती घरात सर्वाधिक वेळ असते, तिचेच म्हणणे सर्वांत कमी ऐकले जाते. जाणता वास्तुविशारद अशा वेळी कुटुंबाच्या सध्याच्या घरी जातो आणि स्वयंपाकघरात थोडा वेळ थांबतो. ओटा उंच असल्याने आईचे खांदे दुखतात, धान्याच्या डब्यांना जागा नाही, कपडे वाळत घालायला दोन जिने चढावे लागतात, या गोष्टी तेथे आपोआप दिसतात. मग आई सांगते की तिला अंगण हवे आहे. लहान असले तरी चालेल. तेथे तुळस असावी, उन्हाळ्यात संध्याकाळी बसता यावे.

या सर्व माहितीची टिपणे करून त्यांचा क्रम लावला जातो. कोणत्या गोष्टींवाचून चालणार नाही, कोणत्या असल्यास बरे आणि कोणत्या पुढे केव्हातरी केल्या तरी चालतील, असे तीन भाग पाडले जातात. पैसा मोजका असतो तेव्हा ही यादीच घराचा खरा पाया असते.

सूर्य, वारा आणि धूळ

माणसांनंतर जागेचा विचार येतो. वास्तुविशारद भूखंडावर जाऊन दिशा, उतार, झाडे, शेजारची बांधकामे आणि रस्ता यांची पाहणी करतो. आपल्या उदाहरणात रस्ता पश्चिमेला आहे, असे समजू. म्हणजे घराचे तोंड पश्चिमेकडे आणि लांब बाजू उत्तर व दक्षिण दिशांना आहेत.

रायपूर सुमारे 21 अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. मे महिन्यात येथील तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाते. जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणून भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीपेक्षा छप्पर अधिक तापते. काँक्रीटचे छत दिवसभर उष्णता साठवते आणि रात्री ती खालच्या खोलीत सोडते. छतावर पांढरा चुना फासणे किंवा पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवणे हा त्यावरील स्वस्त उपाय होय. पांढरा पृष्ठभाग सूर्याचे पुष्कळसे किरण परत पाठवतो.

दक्षिणेकडील खिडकीचे गणित सोपे आहे. डिसेंबरमध्ये मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 45 अंशांवर असतो. खिडकीच्या माथ्यालगत दोन फुटांचा छज्जा असेल, तर त्याची सावली दोन फुटांपर्यंतच पोहोचते आणि चार फूट उंच खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून हिवाळ्याचे हवेसे ऊन आत येते. मार्चच्या उत्तरार्धात सूर्य वर चढलेला असतो. तेव्हा त्याच छज्जाची सावली सुमारे पाच फूट पडते आणि संपूर्ण खिडकी सावलीत राहते. एकच छज्जा हिवाळ्यात ऊन आत घेतो आणि उन्हाळ्यात ते अडवतो.

पश्चिमेला मात्र छज्जा निरुपयोगी ठरतो. संध्याकाळचा सूर्य खाली उतरलेला असल्याने त्याचे किरण आडवे येतात. म्हणून पश्चिमेच्या बाजूला जिना, न्हाणीघर, सामानाची खोली अशा जागा ठेवाव्यात. त्या उन्हाची ढाल होतात आणि त्यांच्यामागील राहत्या खोल्या थंड राहतात. वडिलांची झोपण्याची खोली उत्तरेला मध्यभागी, स्वयंपाकघर सकाळचे ऊन मिळावे म्हणून पूर्वेला, आणि अंगण त्याच्याही मागे, असा क्रम यातून आपोआप लागतो. दुपारनंतर अंगणावर घराचीच सावली पडते आणि संध्याकाळी तेथे बसणे सुखाचे होते.

सिलतऱ्यासारख्या ठिकाणी आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो, ती म्हणजे धूळ. पावसाळी वारे नैर्ऋत्येकडून, तर हिवाळ्यातील वारे साधारणतः उत्तर व ईशान्य दिशांकडून येतात. कारखाने भूखंडाच्या कोणत्या दिशेला आहेत, हे पाहून मोठ्या खिडक्यांची जागा ठरवावी लागते. रस्त्याच्या बाजूला दाट पानांच्या झाडांची रांग लावल्यास बरीचशी धूळ पानांवर अडते. तरीही आईला गच्चीवर कुरडया आणि पापड उघड्यावर वाळवता येतील, असे आश्वासन वास्तुविशारद देऊ शकत नाही. वाळवणावर पातळ कापड घालावेच लागेल. आराखड्याने सर्व प्रश्न सुटत नाहीत, हे स्पष्टपणे सांगणे हादेखील प्रामाणिक सल्ल्याचा भाग आहे.

साहित्याची निवड

उष्ण प्रदेशातील जुन्या घरांकडून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे 1936 नंतर उभ्या राहिलेल्या आश्रमातील कुटी मातीच्या भिंतींच्या आणि कौलारू छपरांच्या आहेत. परिसरात मिळणारे साहित्य आणि परिसरातील कारागीर यांवर तेथे भर देण्यात आला. केरळला आपले घर मानणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्यावर गांधीजींच्या या विचाराचा मोठा प्रभाव होता. बेकर यांनी विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचण्याची पद्धत भारतात लोकप्रिय केली. तिला 'रॅट ट्रॅप' रचना म्हणतात. या भिंतीत मध्ये पोकळी राहते. त्यामुळे सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतील हवेमुळे उष्णता आत येण्यास विलंब लागतो.

सिलतऱ्याच्या परिसरात कोळशावर चालणारे वीजनिर्मिती संच आहेत. कोळसा जळल्यावर उरणारी बारीक राख, चुना किंवा सिमेंट आणि वाळू अथवा दगडाची कच यांपासून विटा तयार करतात. त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत आणि त्यांसाठी शेतातील सुपीक माती खणावी लागत नाही. केंद्र सरकारने 1999 मध्ये अधिसूचना काढून औष्णिक वीज केंद्रांच्या परिसरातील बांधकामांत अशा राखेचा वापर करण्याविषयी नियम घालून दिले. ज्या राखेचा गावाला त्रास होतो, तीच प्रक्रियेनंतर गावाच्या भिंतींच्या उपयोगी पडते.

किल्लारीचा धडा

घराची रचना हा केवळ सोयीचा प्रश्न नाही, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या काळच्या भूकंपविषयक नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखवला होता. पुढे 2002 मध्ये तो सर्वांत खालचा विभागच नकाशातून रद्द करण्यात आला.

एवढी मनुष्यहानी कशाने झाली? तेथील घरांच्या भिंती जाड दगडांच्या आणि मातीत रचलेल्या होत्या. छपरावर मातीचे जड थर होते. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच माळवदाची घरे धक्क्यासरशी कोसळली. भिंतीतील आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेला नव्हता. दोन भिंती कोपऱ्यात सांधलेल्या नव्हत्या. काही ठिकाणी लाकडी खांब व तुळया उभ्याच राहिल्या आणि भोवतालच्या भिंती तेवढ्या ढासळल्या. लांब दगड घालून भिंतीचे दोन्ही थर जोडणे आणि दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींभोवती काँक्रीटची अखंड पट्टी फिरवणे, अशा उपायांनी घर एखाद्या दोरीने बांधलेल्या पेटीप्रमाणे एकत्र राहते. वीटबांधकामातही ही पट्टी तितकीच महत्त्वाची आहे. आपल्या उदाहरणातील कुटुंबाने खर्च कमी करण्यासाठी ती वगळण्याचे सुचवले, तर वास्तुविशारदाने आणि अभियंत्याने ठाम नकार द्यायला हवा.

किल्लारीचा दुसरा धडाही विचार करण्याजोगा आहे. भूकंपानंतर 52 गावांचे नव्या जागी पुनर्वसन करण्यात आले. घरे भक्कम झाली. परंतु अनेक गावांत सरळ रेषेतील रुंद रस्ते आणि एकसारखी घरे आली. जुन्या गावातील चौक, ओसरी, भावकीच्या घरांचे एकमेकांना लागून असणे हे त्या मांडणीत बसले नाही. पुढील काळात लोकांनी आपल्या हाताने भिंती घातल्या, आडोसे केले, अंगणे पुन्हा निर्माण केली. घर सुरक्षित असणे आवश्यक आहे. मात्र ते राहणाऱ्याच्या जगण्याला साजेसेही असावे लागते. ही दुसरी गोष्ट राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय साधत नाही.

वाढणारे घर

आता पैशाचा प्रश्न. कुटुंबाला चौदाशे चौरस फुटांचे घर हवे आहे. हाती असलेल्या रकमेत मात्र नऊशे चौरस फुटांचेच होऊ शकते. अशा वेळी दोन मार्ग दिसतात. एक म्हणजे हलके साहित्य वापरून चौदाशे फूट उरकणे आणि दुसरा म्हणजे नऊशे फूट चांगले बांधून पुढच्या वाढीची तयारी ठेवणे.

दुसऱ्या मार्गाचे उत्तम उदाहरण नवी मुंबईत आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी बेलापूर येथे सिडकोसाठी 1983 ते 1986 या काळात एक वसाहत उभारली. सात-सात घरांचे गट एका लहानशा सामाईक अंगणाभोवती मांडलेले होते. प्रत्येक घर आपल्या भूखंडावर स्वतंत्र होते आणि शेजाऱ्याच्या भिंतीवर अवलंबून नव्हते. त्यामुळे शेजाऱ्याला धक्का न लावता ज्याला त्याला ऐपतीप्रमाणे घर वाढवता येणार होते. पुढे लोकांनी ते इतके वाढवले, की मूळची बरीच घरे आज ओळखूही येत नाहीत. वाढ ही गृहीतच धरलेली होती.

पुण्यात जन्मलेले ज्येष्ठ वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत हाच विचार अल्प उत्पन्न गटासाठी मांडला. तेथे गरीब कुटुंबांना जोते आणि शौचालयासारख्या मूलभूत सोयी देऊन उर्वरित घर त्यांच्यावर सोपवले गेले. वास्तुकलेतील मानाचे प्रित्झकर पारितोषिक 2018 मध्ये दोशी यांना मिळाले. ते मिळवणारे ते पहिले भारतीय होत.

सिलतऱ्यातील आपल्या कुटुंबासाठी याचा अर्थ असा : पाया आणि खांब वरच्या मजल्याचा भार पेलतील असे आजच घ्यावेत, कारण पाया नंतर बदलता येत नाही. जिना घराच्या आतून न काढता पश्चिमेच्या कडेने काढावा, म्हणजे पुढे वरचा मजला मुलाला स्वतंत्रपणे वापरता येईल. न्हाणीघरावर न्हाणीघर येईल अशा बेताने नळ ठेवावेत. खांबांच्या वर काढून ठेवलेल्या सळ्या गंजू नयेत म्हणून त्या सिमेंटच्या लेपाने झाकाव्यात.

कागद ते पाया

पहिले कच्चे रेखाटन हाती आले, की कुटुंबाने ते घरी नेऊन चार दिवस पाहावे. नकाशा वाचण्याची सवय नसेल, तर भूखंडावर चुन्याच्या रेघा मारून खोल्या प्रत्यक्ष आखून पाहाव्यात. त्या रेघांत खाट ठेवून पाहावी. दार उघडले तर कपाटाला अडते का, हे पाहावे. बदल सुचवायचे ते याच वेळी. कागदावरची रेघ खोडता येते. बांधलेली भिंत घणानेच पाडावी लागते आणि तिचा खर्च दोनदा होतो.

आराखडा पक्का झाल्यावर भूखंड निवासी वापराचा असल्याची खात्री करून स्थानिक प्राधिकरणाची परवानगी घ्यावी. औद्योगिक क्षेत्राजवळ ही खात्री विशेष महत्त्वाची असते. त्यानंतर तपशीलवार नकाशे, साहित्याच्या प्रमाणांची यादी आणि अंदाजपत्रक तयार होते. एकाच यादीवर दोन-तीन ठेकेदारांकडून दर मागवले, तर त्यांची तुलना करता येते. वास्तुविशारदाचे शुल्क, ते कोणत्या टप्प्यावर द्यायचे, तो बांधकामाची पाहणी किती वेळा करील, या सर्व गोष्टी लेखी कराराने ठरवाव्यात. अंदाजपत्रकाबाहेरच्या खर्चासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवणेही शहाणपणाचे असते.

पावसाच्या पाण्याची सोय याच टप्प्यावर होते. शंभर चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर शंभर लिटर पाणी मिळते. रायपूरच्या भागात वर्षाला एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे अशा छतावर वर्षभरात एक लाख लिटरहून अधिक पाणी पडते. ते गटारात सोडायचे की जमिनीत मुरवायचे, हे एका नळीच्या जागेवर ठरते. आणि ती जागा नकाशात आधीच दाखवावी लागते.

अखेर पायाची आखणी करण्याचा दिवस येतो. गवंडी दोरी ताणतो, चुन्याची फक्की टाकतो. आजी काठी टेकत येतात आणि आपली खोली कोणती, असे विचारतात. त्यांना ती दाखवता येते, कारण तेथे न्हाणीघर किती पावलांवर असेल, हे सर्वांनी मिळून आधीच मोजलेले असते. आई पूर्वेच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहते. तेथे अजून केवळ मोकळी जमीन असते. परंतु तुळस कोठे लावायची, हे तिला ठाऊक असते.